पोर्ट डावं, स्टारबोर्ड उजवं. पण कुणाचं?

पलूसची आई

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदा.

मुलानं जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स केला आणि गेल्या महिन्यात घरी आला. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक हातात आहे, बोट मिळायची बाकी आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका कंपनीत मुलाखत झाली. समोरच्या साहेबांनी विचारलं, "तू आफ्टला, बोटीच्या मागच्या टोकाला, उभा आहेस, तोंड मागच्या समुद्राकडं. पोर्ट साईड तुझ्या कुठल्या हाताला?" पोर्ट म्हणजे डावं हे त्याला झोपेतही पाठ आहे. त्यानं डावा हात वर केला. साहेब म्हणाले, महिन्याभरानं परत ये.

तेव्हापासून पोरगं गप्प आहे. काल रात्री पांघरूण घालायला गेले तर त्याच्या एका तळहातावर बॉलपेननं 'पो' आणि दुसऱ्यावर 'स्टा' लिहिलेलं दिसलं. मला फार लागलं ते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ६ आणि ९ उलटे काढणारी मुलं माझ्याकडं दरवर्षी येतात. त्यांना रागावून किंवा घोकून घेऊन काही होत नाही, एकदा चित्र डोक्यात बसलं की मात्र ती पुन्हा चुकत नाहीत. पण या बोटीचं चित्र माझ्याच डोक्यात नाही, तर मी त्याला काय देणार? आमच्या घरात समुद्र बघितलेला माणूस म्हणजे गणपतीपुळ्याला जाऊन आलेले सासरे.

साधं डावं-उजवं का म्हणत नाहीत? आणि ते पक्कं कसं करून घ्यावं? कुणी बोटीवर काम केलेलं असेल तर कृपा करून सांगा.

कोरेगावचा बोसन

ताई, मी २१ वर्षं बोटीवर काढली, शेवटची ९ वर्षं बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होतो. आता गावी शेती बघतो. पोराला सांगा की त्याचं जे मुलाखतीत झालं ते माझं भर रात्री, चालू कामात झालं होतं. ते पुढं सांगतो. आधी चित्र.

आमचं रान धोमच्या डाव्या कॅनॉलखाली येतं. मी तिसरी-चौथीत असताना वडलांच्या सायकलवर साताऱ्याला गेलो होतो. परत येताना माहुलीच्या पुलावर ते दम खायला थांबले. मी वाईच्या दिशेला तोंड करून कठड्याला टेकलो होतो. मी म्हणालो, दादा, आपलं गाव तर माझ्या उजव्या हाताला आहे, मग आपला कॅनॉल डावा कसा? वडलांनी मला खांद्याला धरून पुलाच्या दुसऱ्या कठड्यापाशी नेलं, पाणी जिकडं जातं तिकडं तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "तुझ्या तोंडानं बघू नको. कृष्णामाईच्या तोंडानं बघ. ती जिकडं चालली तिकडं तिचं तोंड. आता सांग." गाव डाव्या हाताला आलं.

एवढंच आहे सगळं. नदीला तोंड असतं तसं बोटीलाही असतं. बोटीचं तोंड म्हणजे नाळ, इंग्रजीत बाऊ. त्या तोंडानं बघितल्यावर जी डावी बाजू ती पोर्ट आणि उजवी ती स्टारबोर्ड. तुम्ही डेकवर आडवे झोपा, उलटं चाला, मागच्या समुद्राकडं बघा, बाजू हलत नाही. म्हणून 'पोर्ट म्हणजे डावं' हे वाक्यच पोराच्या डोक्यातून काढून टाका. त्या वाक्यानंच त्याला फसवलं. पोर्ट म्हणजे बोटीचं डावं. माणसाच्या डाव्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि साधं डावं-उजवं चालत नाही ते याचसाठी. बंदरात बोट लावताना पुढच्या टोकाला चार-पाच माणसं, मागच्या टोकाला चार-पाच, ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, कॅप्टन, पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या, आणि चाक धरणारा सुकाणी. पुढचे पुढं बघतात, मागचे मागं, विंचवरचा माणूस आडवा उभा. वारा सुटलेला, वॉकीटॉकी खरखरतेय. त्यात कुणी 'डावीकडून दोर सोड' म्हणालं तर कुणाचं डावं धरायचं?

आता माझी गोष्ट. पहिलीच बोट, तिसरा महिना. रात्री पावसात बंदरात शिरत होतो आणि मी आफ्ट स्टेशनला होतो. टग, म्हणजे मोठ्या बोटीला ओढणारी-ढकलणारी छोटी बोट, बांधायची होती. ब्रिजवरून हुकूम आला, 'टग स्टारबोर्ड क्वार्टरला'. क्वार्टर म्हणजे बोटीचा मागचा कोपरा. मी मागं तोंड करून उभा होतो. स्टारबोर्ड म्हणजे उजवं हे तुमच्या पोरासारखंच मलाही पाठ. माझ्या उजव्या हाताला गेलो आणि तिथल्या फेअरलीडमधून, म्हणजे दोर बाहेर काढायच्या लोखंडी भोकातून, दोरी खाली सोडली. खाली काळं पाणी, टगचा पत्ता नाही, कारण ती दुसऱ्या बाजूला थांबलेली. दोरी पाण्यात पडून मागं ओढली जायला लागली, आणि मागं, अगदी खाली, बोटीला ढकलणारा पंखा असतो. आमचे सारंग, म्हणजे तेव्हाचे बोसन, दमणचे, पन्नाशी ओलांडलेले. ते पळत आले, मला बाजूला ढकललं आणि हातानं हिसके देत सगळी दोरी वर ओढून घेतली. हातमोजे घालायलाही वेळ नव्हता. त्यांच्या तळहाताची सालं निघालेली मी दुसऱ्या दिवशी बघितली.

ते रागावले नाहीत. सकाळी सहाला मला उठवून डेकवर नेलं. माझा डावा हात रेलिंगवर ठेवायला लावला आणि तसंच नाळेपर्यंत चालत नेलं. प्रत्येक दहा पावलांना मोठ्यानं म्हणायचं, पोर्ट. नाळेला पोचल्यावर वळवलं, आता त्याच रेलिंगवर उजवा हात, परत मागं. तेव्हाही म्हणायचं, पोर्ट. उजवा हात लोखंडावर आणि तोंडात पोर्ट, हे पहिल्या दिवशी फार जड जातं. जीभ अडखळते. चौथ्या दिवशी अडखळायची थांबली. मग दुसऱ्या बाजूनं तसंच.

पोराला हे करायला लावा. बोट नसली तरी चालेल. ट्रॅक्टरची ट्रॉली आहे का घरी?

सांगलवाडीकर

बोसनकाका, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण हे मी स्वतः भोगलंय.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही पोरं होडी घेऊन गल्ल्यांतून माणसं काढत होतो. पुढं एक जण बांबू घेऊन उभा असायचा, पाण्याखाली काय आहे ते चाचपायला. बसलेल्या माणसांना धीर द्यायचा म्हणून तो आमच्याकडं तोंड करून उभा होता. अचानक ओरडला, "डावीकडं घे!" मी मागं वल्ह्यावर, मी माझ्या डावीकडं घेतली. त्याला त्याचं डावं म्हणायचं होतं. होडी एका कंपाउंडच्या भाल्यासारख्या गजांवर जाऊन घासली. उलटली नाही, देवाची कृपा. होडीत एक आजी होत्या, त्यांच्या मांडीवरची औषधांची पिशवी पाण्यात गेली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेची अजून आठवण येते.

त्यानंतर आम्ही डावं-उजवं बंद केलं. 'पुलाकडं', 'नदीकडं', 'देवळाकडं' असं बोलायला लागलो. ते बरोबर होतं का?

पडद्यामागे, सांगली

आमच्या नाटकाच्या धंद्यातही हेच आहे ताई. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड, आणि मी तीस वर्षं पडदे, लेव्हल्स, दिवे लावतोय. 'डाव्या विंगेतून एन्ट्री' म्हटलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, नटाच्या डाव्या की प्रेक्षकांच्या? इंग्रजी रंगमंचावर ठरलेलं आहे की प्रेक्षकांकडं तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं डावं ते स्टेज लेफ्ट. नवीन पोरगा खाली प्रेक्षागृहात उभा राहून खुर्ची डावीकडं ठेवा म्हणतो आणि खुर्ची भलत्याच बाजूला जाते. तुमच्या लेकाला म्हणावं, नट पाठमोरा झाला म्हणून विंग बदलत नाही.

मिरज जंक्शन

मला वाटतं पोर्ट म्हणजे बंदराकडची बाजू. बोट बंदराला जी बाजू लावते ती पोर्ट. इतकं सोपं आहे. आणि 'पॉश' हा शब्दही यातूनच आलाय. विलायतेहून हिंदुस्थानात येताना श्रीमंत लोक पोर्टकडची केबिन घ्यायचे आणि परत जाताना स्टारबोर्डची, ऊन लागू नये म्हणून. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून पॉश झालं.

वाचनालयातला

मिरजकर, पॉशची गोष्ट सगळीकडं फिरते, पण ती खरी नाही. तशी तिकिटं निघाल्याचा एकही पुरावा आजवर सापडलेला नाही. शब्दकोशकार ती गोष्ट केव्हाच बाजूला ठेवून मोकळे झालेत.

पोर्टबद्दल मात्र तुम्ही अर्धे बरोबर आहात. फार जुन्या काळी युरोपातल्या जहाजांना आजच्यासारखं मध्यभागी, मागच्या टोकाला सुकाणू नव्हतं. एक मोठं वल्हं बाजूला लावून त्यानं जहाज वळवायचे. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून ते वल्हं उजवीकडं. जुन्या इंग्रजीत त्या बाजूला म्हणायचे 'स्टेओरबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. त्याचंच स्टारबोर्ड झालं. ताऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उजवीकडं वल्हं लटकतंय म्हटल्यावर ती बाजू धक्क्याला लावली तर वल्हं मोडणार, म्हणून धक्क्याला डावी बाजू लागायची आणि माल तिकडून चढायचा. त्या माल भरायच्या बाजूचं नाव पुढं 'लार्बोर्ड' झालं.

आता स्टारबोर्ड आणि लार्बोर्ड मोठ्यानं म्हणून बघा. वादळात शेपूट तेवढं ऐकू येतं आणि दोन्हीचं शेपूट एकच. म्हणून ब्रिटिश आरमारानं १८४४ साली हुकूम काढून लार्बोर्ड बंद केलं आणि पोर्ट सुरू केलं. अमेरिकन आरमारानं १८४६ साली तेच केलं. दोन उलट्या गोष्टींची नावं कानाला अजिबात सारखी लागू नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आपला 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलाय, आणि सुकाणी त्याच्यावरून. जुन्या भारतीय खलाशांच्या बोलीत उजव्या बाजूला 'जमणा' म्हणायचे आणि डाव्या बाजूला 'डावा'. पुढच्या अंगाला आगिल, मागच्याला पिछिल. जमणा हा सरळ गुजराती शब्द आहे, उजवा या अर्थाचा. ताईंना हे वाचून बरं वाटेल की आपल्याकडच्या खलाशांचेही जहाजाच्या बाजूंसाठी ठरलेले शब्द होते.

कोरेगावचा बोसन

वाचनालयवाले, तुम्ही आमच्या सारंगांची आठवण करून दिलीत. ते रागात असले की त्यांच्या तोंडून जमणा यायचं. आणि दोर खाली सोडायला आरिया! तेव्हा मला ते सगळं गुजरातीच वाटायचं.

मिरजकर, आजची बोट कुठलीही बाजू धक्क्याला लावते. पोराने मुलाखतीत 'बंदराकडची बाजू' म्हणू नये, फसेल.

सांगलवाडीकर, तुम्ही विचारलंत ते फार मोलाचं आहे, जरा सविस्तर सांगतो. 'पुलाकडं, नदीकडं' हे बरोबरच होतं, पण ती वेगळ्या जातीची दिशा आहे. पूल जमिनीला बांधलेला. होडी गर्रकन फिरली तरी पूल तिथंच. बोटीवर ते काम कंपास करतो. पोर्ट-स्टारबोर्ड मात्र बोटीला बांधलेलं, ते बोटीबरोबर फिरतं. दोन्ही लागतात. समजा आमचं तोंड बरोबर पूर्वेला आहे, म्हणजे कंपासवर ०९०. स्टारबोर्डला तिरकस, ४५ अंशावर एक बोट दिसली. कंपासवर ती झाली १३५. आता आम्ही वळलो तर ते ४५ बदलणार, १३५ तेच राहणार. आणि हेच जिवावरचं आहे. समोरच्या बोटीचं कंपासवरचं बेअरिंग, म्हणजे दिशेचा आकडा, बदलत नाही आणि अंतर कमी होत चाललंय, तर धडक होणार. दहा मिनिटांत तीनदा बघायचं आणि आकडा तोच आला तर तोंडाला कोरड पडते.

पुरात तुमच्या हातात वल्हं होतं, कंपास नव्हता, तरी तुम्ही स्वतःहून ही वाट काढलीत. त्या आजींचं मनाला लावून घेऊ नका. त्या वाचल्या.

ताई, आता रात्रीचे दिवे, कारण पुढच्या मुलाखतीत हे नक्की विचारणार. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. पाठ करायला लावू नका. त्याला म्हणावं, काळीज डावीकडं, रक्त लाल. बोटीचं काळीज पोर्टला. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला हेच सांगितलं आणि एकही चुकला नाही.

लाल आणि हिरवा दिवा बरोबर समोरून सुरू होऊन आपापल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसतो, मागचा पांढरा १३५ अंश. बेरीज करा, ३६० भरतात. जुने लोक हे पॉइंटात सांगतात. पूर्ण वर्तुळाचे ३२ पॉइंट, एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा. म्हणजे लाल १०, हिरवा १० आणि मागचा १२. मला पॉइंटच लक्षात राहतात, आणे-पैशासारखे. डोलकाठीवरचा पांढरा दिवा वेगळा, तो समोर आणि दोन्ही बाजूंना मिळून २० पॉइंट दिसतो. त्याच्या आणि मागच्या दिव्याच्या हद्दी एकाच रेषेवर भेटतात.

या दिव्यांच्या आतल्या बाजूला एक पत्र्याचा पडदा असतो. त्याला काळा रंग द्यायचा, तोही मॅट, चकाकणारा नाही. नियमातच आहे ते. एकदा नवीन पोरानं हौसेनं लाल दिव्याच्या पडद्याला चकचकीत लाल रंग दिला. छान दिसत होतं. मी त्याला तो सगळा खरवडायला लावला. पत्रा चकाकला की लाल उजेड परतून नाळेपलीकडं, हिरव्याच्या हद्दीत जातो आणि समोरच्याला वाटतं आपण सरळ त्याच्याच अंगावर येतोय. मी स्वतः त्याच्याबरोबर खरवडायला बसलो. दोन तास गेले.

आणि समोर बोट आली तर? माझ्या स्टारबोर्डला दुसऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला, म्हणजे ती तिची पोर्ट बाजू मला दाखवत माझ्या नाळेसमोरून आडवी चाललीय. वाट मी द्यायची. माझ्या पोर्टला कुणाचा हिरवा दिसला तर वाट त्यानं द्यायची, मी आपला वेग आणि दिशा धरून ठेवायची, पण डोळा त्याच्यावरच ठेवायचा. रस्त्यावरच्या सिग्नलसारखंच बसतं बघा डोक्यात. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम समोर दिसले तर दोघंही समोरासमोर. मग दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं आणि एकमेकांच्या पोर्ट बाजूनं निघून जायचं. वळताना भोंगा द्यायचा, स्टारबोर्डला वळतोय तर एक छोटा, पोर्टला तर दोन, पंखा उलटा चालवतोय तर तीन.

बामणोली लाँच

आम्ही शिवसागरावर लाँच चालवतो. वासोट्याला जाणारे पर्यटक नेतो-आणतो. आमच्याकडं पोर्ट-बिर्ट नाही, आम्ही वर आणि खाली म्हणतो. तापोळा वर, धरण खाली. पाणी तुंबलेलं आहे, धार दिसत नाही, पण खाली कोयनामाई अजून त्याच वाटेनं चाललीय असं आमचे म्हातारे म्हणायचे. तिच्या तोंडानं बघितलं तर बामणोली डाव्या तीरावर आणि वासोटा उजव्या. आज बोसनकाकांचं वाचेपर्यंत मी हा विचार कधी केला नव्हता.

माझा एक प्रश्न आहे. माझ्या लहान बोटीला मागं मशीन आहे आणि त्याला दांडा. दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते. नवीन पोराला शिकवताना हीच अडचण होते. मोठ्या जहाजावर हुकूम देताना दांड्याची बाजू सांगतात की बोटीची?

वाचनालयातला

लाख मोलाचा प्रश्न. पूर्वी दांड्याची सांगत! 'हार्ड अ स्टारबोर्ड' म्हटलं की दांडा स्टारबोर्डला आणि जहाज पोर्टला. चाक आल्यावरही हुकूम जुनाच चालू राहिला. १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर अधिकाऱ्यानं 'हार्ड अ स्टारबोर्ड' असा हुकूम दिला आणि जहाज पोर्टला वळायला लागलं. ती चूक नव्हती, तेव्हाची पद्धतच तशी होती. ब्रिटिश जहाजांवर १९३३ पासून ती बदलली. आता हुकुमात जी बाजू तिकडंच बोटीची नाळ जाते.

कोरेगावचा बोसन

बरोबर. आणि सुकाण्यानं हुकूम जसाच्या तसा मोठ्यानं परत म्हणायचा. 'स्टारबोर्ड टेन' आला की म्हणायचं 'स्टारबोर्ड टेन', मग चाक फिरवायचं, सुकाणू किती वळलं ते दाखवणाऱ्या समोरच्या घड्याळाचा काटा दहावर आला की पुन्हा सांगायचं. ऐकणारा आणि सांगणारा दोघांच्या डोक्यात एकच बाजू आहे ना, ते तिथल्या तिथं कळतं. बामणोलीकर, तुम्ही तुमच्या पोरालाही तसंच म्हणायला लावा.

पलूसची आई

सगळ्यांना मनापासून नमस्कार. सहा दिवसांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

पहिल्या दिवशी मी बोसनदादांचा कॅनॉल सांगितला. मुलाला पटलं. सासरे ओसरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "कॅनॉल कशाला पाहिजे, तो जागचा हलत नाही. बैलजोडी सांग की त्याला." आणि त्यांनी सांगितलं की डावीला चालणारा बैल कायम डावीलाच जुंपतात. औत तासाच्या शेवटाला पोचलं, वळलं, उलट्या दिशेला लागलं, तरी डावीचा तो डावीचाच. आणि पुढं कासरा धरून उलटं चालणाऱ्या पोराला तो उजव्या हाताला दिसतो. "म्हणून काय तो उजवीचा होतो?" असं म्हणाले. मुलगा एकदम हसला. महिनाभरात पहिल्यांदा.

मग त्यांनीच माळ्यावरून बेंदराचे गोंडे काढले. ट्रॉलीच्या डाव्या फळीला लाल गोंडा बांधला, उजवीला हिरवा. मुलगा रोज संध्याकाळी फळीवर हात ठेवून दादांनी सांगितलं तसा चालतो. उजवा हात लाल गोंड्यावर ठेवून 'पोर्ट' म्हणताना तिसऱ्या दिवसापर्यंत अडखळत होता. काल मी भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून ओरडले, "मागं तोंड कर, स्टारबोर्ड दाखव!" आवाज आला नाही म्हणून बाहेर येऊन बघितलं, तर डावा हात वर करून उभा होता, माझी वाट बघत.

तळहातावरची अक्षरं आता नाहीत.

मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. अजून काय काय विचारतील?

कोरेगावचा बोसन

ताई, आजोबांना माझा नमस्कार सांगा. माझा कॅनॉल त्यांच्या बैलापुढं फिका आहे. बोट फिरते, बैल फिरतो, कॅनॉल फिरत नाही. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, हे मला सुचलं नाही.

राहिलेलं भराभर सांगतो. फॉरवर्ड आणि आफ्ट हे बोटीच्या आतलं पुढं-मागं. अहेड आणि अस्टर्न हे बोटीच्या बाहेर, समुद्रात. पोरं इथं घोळ करतात. पेंटचा डबा फॉरवर्डला असतो, दीपगृह अहेडला असतं. अबीम म्हणजे बरोबर बाजूला, काटकोनात. अमिडशिप्स म्हणजे मध्यावर.

एक जोडी मात्र वाऱ्याबरोबर बदलते, ती आजोबांकडूनच शिकून घे म्हणावं. वारा येतो ती बाजू वेदर साईड, आडोशाची ती ली साईड. खळ्यावर उफणताना आपण वारं बघून उभं राहतो, नाहीतर भुस्सा तोंडावर येतो, तसंच. पायलटसाठी शिडी ली साईडला लावायची, तिकडं बोटीच्या अंगाचा आडोसा मिळतो. मुलाखतीत 'शिडी कुठल्या बाजूला' विचारलं तर पोर्ट किंवा स्टारबोर्ड असं उत्तर देऊ नये. आधी वारा कुठून आहे ते विचारावं.

पलूसची आई

हे त्याला वाचून दाखवलं. तो विचारतोय की लाईफबोटींना नंबर कसे देतात, कोर्समध्ये सांगितलं होतं पण विसरला.

कोरेगावचा बोसन

नाळेकडून मोजायचं. स्टारबोर्डला विषम, पोर्टला सम. १ नंबरची स्टारबोर्डला पुढची, २ नंबरची पोर्टला. ट्रॉलीवर खडूनं लिहून ठेवा. आणि सोमवारी संध्याकाळी इथं कळवा, मी वाट बघतोय.